टिंग्याचा बैल आणि आमची मुले

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, हा प्रश्न आपल्या समाजात फार उशिरा आला. त्याआधीचाच प्रश्न मिटत नव्हता. चित्रपट दाखवावा की दाखवू नये, यावर घराघरांत वाद झाले, तकरीरी झाल्या, काही घरांत टीव्हीवर चादर पडली. मग मोबाइल आला आणि वाद न मिटताच संपला. आज घोडेगावच्या कोणत्याही मोहल्ल्यात चार वर्षांचे मूल जेवायला बसते तेव्हा ताटाआधी मोबाइल समोर ठेवावा लागतो. मूल पाहतेच आहे. आपण निवडले नाही, तर निवड दुसरे कोणीतरी करते, आणि त्याला आपले मूल ठाऊक नसते.

१९५५ साली स्थापन झालेली बालचित्र समिती हे निवडीचे काम काही प्रमाणात करत असे. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. ती होती तेव्हाही तिचे चित्रपट उर्दू शाळांपर्यंत कितपत पोहोचले, ते आपण जाणतोच. तेव्हा हे काम पालकांचे आणि आम्हा शिक्षकांचे.

वयाचे माप सरकारने ठरवून दिलेले आहे. १९५२ च्या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते. १९८३ पासून त्यात 'यूए' हा वर्ग आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचेही सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग पडले. हे माप मारामारी, शिवीगाळ, नको ती दृश्ये मोजते आणि ते योग्यच आहे. पण दुःख त्यात मोजले जात नाही. आणि मुलांसाठीच्या चांगल्या चित्रपटांत दुःख हमखास असते. कोणत्या वयाच्या मुलाला किती दुःख दाखवावे? मुळात ते दाखवण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

या प्रश्नाशी आमची खरी गाठ पडली ती मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'मुळे. २००८ साली आलेला हा मराठी चित्रपट. टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकरला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी आपल्या घरांत तो फारसा कोणी पाहिलेला नाही. जुन्नर भागातली गोष्ट. (जुन्नरशेजारी आंबेगाव तालुक्यातही एक घोडेगाव आहे, आमचे घोडेगाव नेवासा तालुक्यातले. पत्रे अजूनही चुकतात.) कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा बैल चितंग्या जायबंदी होतो. तो आता औताला चालणार नाही, म्हणून बाप त्याला कसायाला विकायला निघतो. लहानग्या टिंग्याला ते पटत नाही. शेजारी त्याची मैत्रीण रशिदा राहते आणि तिची नानी मरणपंथाला लागलेली आहे. म्हाताऱ्या, आजारी नानीला औषधपाणी करतात, मग माझ्या बैलाला का नाही, असे टिंग्याचे गणित आहे.

रशिदासाठीच हा चित्रपट दाखवावा, असे प्रथम आम्हाला वाटले. मराठी पडद्यावर मुसलमान मुलगी दिसते आणि ती फक्त शेजारची मुलगी असते. तिच्या असण्याचे कोणाला कारण द्यावे लागत नाही. आणखी एक लाभ झाला. आमची मुले मराठीच्या पाठ्यपुस्तकाशी अडखळतात. टिंग्याची बोली मात्र त्यांना एकदाही अडली नाही, कारण ती बाजारातली भाषा आहे.

बाजाराचे सांगायलाच हवे. घोडेगाव हे नगर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे गाव. येथला जनावरांचा बाजार पंचक्रोशीबाहेरही प्रसिद्ध आहे. आमच्या वर्गातील काही मुलांचे अब्बा, चाचा त्यात व्यापारी आहेत, दलाल आहेत, कोणी टेम्पो चालवतो. तिसरीतले मूल जबडा पाहून जनावर आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेले, ते सांगते. रुमालाखाली बोटे दाबून भाव कसा ठरतो, ते त्याला आमच्यापेक्षा चांगले कळते. या मुलाला बैलाच्या विक्रीचे दुःख दाखवणे म्हणजे काय? शहरातल्या मुलासाठी 'टिंग्या' ही गावाकडची गोष्ट असेल. या मुलासाठी ती घरातली भाकरी आहे.

एका पालकाने ते स्पष्टच विचारले. "सर, बैल विकणारा रडतो आणि घेणारा कसाई ठरतो. आमच्या मुलांनी आपल्या बापाकडे कोणत्या नजरेने पाहायचे?" प्रश्न रास्त आहे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून जनावर घेऊन रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, ते या घरांना सांगावे लागत नाही. अशा बापाच्या मुलाला बैलासाठी रडायला लावणे हा बापावर अन्याय नव्हे का?

आम्ही यावर बराच विचार केला. आमचे मत असे बनले की चित्रपट घेणाऱ्याला दोषी धरत नाही. दोष कर्जाचा आहे. बैल विकणारा बापही दुष्ट नाही. विकला नाही तर दुसरा बैल कुठून आणणार? टिंग्याचे बापावरचे प्रेम कमी होत नाही आणि बैलावरचेही होत नाही. ही दोन प्रेमे एकाच छातीत भांडतात. आमच्या बाजारवाल्या मुलांच्या छातीत ती आधीच भांडत असणार. चित्रपटाने ते भांडण लावले नाही, त्याला तोंड दिले. त्या पालकाला हे पूर्ण पटले असे नाही. पण मुलाला त्यांनी पाठवले, आणि स्वतः दारात उभे राहून शेवटपर्यंत पाहिले.

दुसरी शंका अम्मींची असते. लहान मूल रात्री झोपणार नाही, जेवणार नाही. येथे बकरी ईदची आठवण होते. आठ-पंधरा दिवस मूल बकऱ्याला पाला घालते, नाव ठेवते, गळ्यात हात टाकून फिरते. मग कुर्बानी होते. काही घरांत मुलाला त्या वेळी खालाकडे पाठवतात आणि नंतर बकरा पळून गेला असे सांगतात. मूल रडू नये म्हणून बोललेले हे खोटे आम्हाला कुर्बानीच्या अर्थाशीच विसंगत वाटते. ज्याचे काहीच वाटत नाही ते देण्यात कुर्बानी कसली? जनावरासमोर सुरीला धार लावू नये, ही ताकीद त्याच्याही जिवाची कदर करायला सांगते. आणि हदीसमध्ये अबू उमैर या लहान मुलाची हकिकत आहे. त्याचा पाळलेला छोटा पक्षी मेला, तेव्हा हुजूरांनी (स.) त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. क्षुल्लक गोष्टीसाठी काय रडतोस, असे म्हटले नाही. पक्षी उडून गेला, असेही सांगितले नाही.

म्हणून आम्ही 'टिंग्या' सर्व वयांच्या मुलांना एकत्र दाखवला. पाच वर्षांच्या मुलांनी फक्त बैल पाहिला आणि अर्ध्यावर ती झोपली. मुलाला जेवढे पेलते तेवढेच ते पुष्कळदा घेते, बाकीचे सांडते. नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "सर, नानी को दवा और बैल को कसाई, ऐसा कायको?" आम्ही उत्तर दिले नाही, माणूस आणि जनावर यांतला फरक एका वाक्यात सांगणे बरे नव्हे. चौदा वर्षांची मुले गप्प होती. त्यांनी बैलाकडे नव्हे, बापाकडे पाहिले होते.

दुःख एवढे जड नको असेल तर सहा-सात वर्षांपासून माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) दाखवावा. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात आणि दोघे मिळून एकच जोडी वापरतात. भाषा फारसी असली तरी मुलांना गोष्ट कळते. त्याच वयाला परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) चालेल. पंढरपूरचा आहे म्हणून तो आपला नाही, असे समजू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलींसाठी हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (२०१२) आहे. सायकलीच्या पैशांसाठी कुरआन पठणाच्या स्पर्धेत उतरणारी ही सौदी मुलगी. मात्र एक पाहावे. घरात चित्रपट लागतो तेव्हा त्याच वयाची मुलगी रोट्या लाटायला उठते आणि अर्धी गोष्ट भावाकडून ऐकते. तसे होणार असेल तर 'वज्दा' दाखवून काय उपयोग?

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आम्ही नववी-दहावीच्या खाली दाखवणार नाही. त्यात जब्याच्या घरच्यांना गावातले डुक्कर पकडावे लागते आणि गाव हसते. आमची लहान मुले डुकराचे नाव निघताच शिसारीने तोंड फिरवतील. जनावराची शिसारी आणि माणसाची शिसारी वेगळी करायला थोडे वय लागते. नववीतल्या मुलाला ते जमावे. पण त्याच मुलाचा धाकटा भाऊ दार ढकलून आत येऊन बसला तर त्याला बाहेर काढायचे का, यावर आमच्यात एकमत नाही. काहींच्या मते काढावे. काहींच्या मते त्याच्या शेजारी बसून पाहावे आणि तो हसला तर का हसलास ते त्याला विचारावे.