पहिल्या पावसाचा वास

मृगाची पहिली सर आली की मातीचा सुवास दरवळतो, असं वर्षानुवर्षं लिहिलं जातंय. आमच्या महाडच्या घरात यंदा त्या पहाटे मांजराच्या मुताचा वास दरवळला. दिवाळीपासून त्याचा मागमूस नव्हता. मे महिन्यात पाहुणे आठ दिवस राहून गेले, कुणाच्या नाकाला काही कळलं नाही. रात्री पत्र्यावर सरी कोसळल्या, सकाळी चहा टाकायला उठले, तर मधल्या खोलीत तो आपला हजर.

उद्योग कुणाचा ते ठाऊक होतं. गेल्या श्रावणात एक पिवळा बोका खिडकीच्या गजांतून आत यायचा, कपाटाकडे पाठ करून उभा राहायचा, शेपूट ताठ, तिचं टोक थरथरतंय, आणि एक फवारा मारून आल्या वाटेनं जायचा. याला नुसतं मुतणं म्हणता येत नाही. मुतायचं असलं की मांजर खाली बसतं, माती उकरतं, वरून झाकतं. उभ्यानं भिंतीवर उडवतं तो सातबारा असतो. आमची मनी तेव्हा वयात आली होती, म्हणजे काही अंशी आमंत्रण आमच्याच घरातून गेलं होतं.

तेव्हा मी फिनेलनं पुसून वर उदबत्ती लावली. दोन तास फिनेल जिंकलं. पुढे हिवाळा आला, भिंती वाळल्या आणि मला वाटलं, काम फत्ते. खरं तर मुतातला युरिया पाण्याबरोबर निघून जातो, पण युरिक आम्लाचे बारीक कण पाण्यात धड विरघळत नाहीत. ते जांभ्याच्या चिऱ्यात, प्लायवूडच्या कडेत, फरशीच्या सांध्यात मुरून बसतात. हवा कोरडी असली की गप्प असतात, दमट झाली की पुन्हा वास सोडतात. आणि आमच्याकडे पाऊस पडतो तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात. त्यांना चार महिने नुसती जत्रा. त्यात मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं, बोक्यात ते जास्त. ताज्या मुतात त्याचा वास फारसा नसतो. ते हळूहळू विघटित होत जातं तसा दर्प चढतो. बोका केव्हाच गेलेला असतो, तेव्हा कुठे घरमालकाला पत्ता लागतो.

शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं, गोमूत्र शिंपड. घर शुद्ध होईल." लगेच घरी जाऊन बाटली घेऊन आल्यासुद्धा.

एक मूत घालवायला दुसरं! मला हसू आलं, आणि मग ते हसू ओठांवरच राहिलं. आमच्या घरापासून चवदार तळं चालत दहा मिनिटांवर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. गुरं, कुत्री, मांजरं तिथं आधीपासून तोंड लावत होतीच, त्याचा कुणाला विटाळ नव्हता. माणसं प्यायली म्हणून गावातल्या काहींनी दूध, दही, शेण आणि गोमूत्र भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या आणि तळं शुद्ध झालं असं ठरवलं. पाण्याला वास नव्हता, डाग नव्हता. पुढे त्या पाण्यावरच्या हक्काचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ साली निकाली निघाला. दहा वर्षं.

काकूंना मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी मायेनं दिलेली बाटली अजून ओट्याखाली आहे.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला. तिथं मांजर हौसेखातर नव्हतं, कणगीतल्या भातासाठी होतं. कोपऱ्यात मांजरानं घाण केली की आई चुलीतली राख त्यावर पसरायची, रात्रभर तशीच राहू द्यायची, सकाळी राखेसकट बोटभर माती खरवडून बाहेर टाकायची, नवी माती चोपून शेणानं सारवायची. डाग पुसायचा प्रश्नच नव्हता. डाग लागलेली जमीनच घराबाहेर जायची. आता मी शहाबादी फरशी खरवडून कुठे टाकू?

उंदरांचं म्हणाल, तर त्यांच्या मुताला वास कमी आणि धोका जास्त. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. पाणी ओसरल्यावर घराघरांत चिखल होता, आणि त्या चिखलातून अनवाणी फिरू नका, लेप्टो होईल, असं ज्याला त्याला बजावलं जात होतं. तो रोग पसरतो उंदरांच्या मुतातून. त्या दिवसांत मांजर असलेल्या घराचा हेवा वाटायचा.

तर यंदा मी गुडघ्यांवर बसले. खिडक्या बंद, दिवा बंद, हातात भाच्यानं दिलेली अतिनील टॉर्च. गेल्या वेळी मी कपाटाची बाजू पुसत होते. हिरवट-पिवळी चमक दिसली ती कपाटामागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि तिथून ओघळत फरशीच्या फटीत गेलेली. म्हणजे जिथं घासत होते तिथं काही नव्हतंच. कपाट सरकवलं. एन्झाइमचं द्रावण ओतलं, वर प्लास्टिकचा कागद टाकून ते रात्रभर ओलं राहू दिलं. ओलं असेतोवरच ते आपलं काम करतं, लगेच पुसलं की पैसे पाण्यात. गेल्या वर्षी मी उत्साहानं लिंबू पिळलं होतं. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबट लागताच तिची झिलई गेली, तो पांढरा चट्टा अजून तसाच आहे. ब्लीचिंग पावडरच्या वाटेला गेले नाही, कारण मुतातल्या अमोनियाशी गाठ पडली की त्यातून विषारी वाफ निघते. फिनेलही आता मोरीबाहेर येत नाही. मांजर पाय चाटतं, आणि त्याच्या यकृताला ते पचवता येत नाही.

मनीचं ऑपरेशन झालं. पिवळ्याला पकडायला तीन दिवस आणि एक बोंबील लागला, त्याचंही झालं. कुणीतरी सांगितलं की मांजर जेवतं तिथं घाण करत नाही, म्हणून दोघांची ताटली त्याच कोपऱ्यात ठेवली.

आज पहाटे पाऊस धो धो कोसळत होता. मी दबकत मधल्या खोलीत गेले, कपाटामागे वाकून हुंगलं. सुकटीचा वास होता. पिवळा ताटलीत मान खुपसून बसला होता, शेपूट खाली. माझ्याकडे एकदा बघितलं त्यानं, आणि पुन्हा मान खाली घातली.