कौल आणि कैवार

कोलशेतला खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावर, दर गुरुवारी संध्याकाळी आमची प्रार्थनासभा भरते. सात-आठ कुटुंबं, दाराबाहेर चपलांचा ढीग, मांडीवर गीतांची पुस्तकं, आणि शेवटी चहा. कधी काळी या रस्त्यावर रसायनांचे कारखाने होते. आता टॉवर आहेत आणि कापूरबावडीपर्यंत वाहनांची रांग आहे, त्यामुळे सभा कधीच वेळेवर सुरू होत नाही. खिडकीतून तिवरांची हिरवी पट्टी दिसते आणि पाण्यापलीकडे भिवंडीकडचा किनारा.

गेल्या वर्षी याच सभेत एक परिचारिका म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करा. देवाची इच्छा काय आहे तेच कळत नाही." तिला आयर्लंडमधल्या नोकरीचं पत्र आलं होतं. घरी आई होती आणि आईचं विस्मरण वाढत चाललं होतं. भाऊ होता, पण तो पुण्याला. उत्तर महिन्याभरात द्यायचं होतं.

मग सूचना सुरू झाल्या. एक काका म्हणाले, तीन दिवस उपास कर. एक ताई म्हणाल्या, डोळे मिटून बायबल उघड आणि बोट ठेव. तिसऱ्याला आठवलं, की ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या, तिची कोणती होती? तिनं पर्समधून काढून दाखवली. देव तुझ्यापुढे चालेल अशा अर्थाचं वचन होतं. पुढे म्हणजे विमानात, असा अर्थ एकानं लावला. देव पुढे गेला तर आईजवळ कोण, असं दुसऱ्यानं विचारलं. चिठ्ठी पुन्हा पर्समध्ये गेली.

माझं आजोळ कोकणातलं. तिथे देवळात कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं. आमच्या घरातली ख्रिस्ती झालेली पिढी या प्रकाराला हसायची. आणि मग संध्याकाळी तीच माणसं पवित्र शास्त्र मध्येच कुठेतरी उघडून त्यातून होकार-नकार शोधायची. पाकळीची जागा पानानं घेतली, एवढंच. मी हे चेष्टेनं लिहीत नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत ऑगस्टीननं असंच पुस्तक उघडलं, समोर आलेला परिच्छेद वाचला आणि त्याचं आयुष्य फिरलं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की त्या दुपारच्या मागे कित्येक वर्षांची तगमग होती. पान उघडलं तेव्हा माणूस आधीच उघडलेला होता.

देवाचं मार्गदर्शन म्हटलं की आम्हा ठाणेकरांना खरं तर आमच्याच गावातली एक गोष्ट आठवायला हवी, पण ती फारशी कुणाला ठाऊक नसते. १३२१ साली काही युरोपीय धर्मसेवक इराणी आखातातल्या होर्मुझहून जहाजात बसले. चौघे फ्रान्सिस्कन : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि त्यांच्याबरोबरचा, भाषा जाणणारा जॉर्जियन दिमित्री. पाचवा जॉर्डन, डॉमिनिकन पंथाचा. त्यांना जायचं होतं केरळातल्या कोल्लमला. जहाजानं त्यांना आणून सोडलं ठाण्यात. इथे तेव्हा नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची मोजकी घरं होती. तिथे त्यांना आसरा मिळाला.

जॉर्डन कामासाठी भडोचच्या दिशेनं निघाला आणि त्याच्यामागे ठाण्यात काझीपुढे धर्मावरून वाद होऊन चौघेही मारले गेले. जॉर्डन परतला तो प्रेतं उचलायलाच. त्यानं ती सोपाऱ्याला नेऊन पुरली. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा प्रवासी इथे आला आणि त्यानं त्या अस्थी आपल्याबरोबर चीनला नेल्या.

मला त्या चौघांपेक्षा हा पाचवा जास्त छळतो. हुतात्म्यांना निदान त्यांच्या गोष्टीचा शेवट मिळाला. याला काय मिळालं? चुकीच्या बंदरात उतरलेला, सोबती गमावलेला, भडोचला गेला नसता तर आपणही त्यांच्यात असतो हे रोज उठून आठवणारा एकटा माणूस. त्यानं ठाण्याहून पाठवलेलं एक पत्र टिकून आहे. त्यात एकटेपणाचं दुःख आहे, सोसलेल्या हालांची यादी आहे, आणि आणखी माणसं पाठवा अशी विनवणी आहे. देवाचा माणूस सांत्वनासाठी हाक मारतो आणि लगेच पुढच्या ओळीत मनुष्यबळ मागतो, हे मला फार खरं वाटतं. याच जॉर्डननं पुढे हिंदुस्थानातल्या नवलांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात आपला आंबा आहे, फणसही आहे. इतकं सोसलेल्या माणसाला फणसाचं कौतुक वाटावं, यालाही मी सांत्वनच म्हणेन. १३२९ साली पोप बाविसावे जॉन यांनी त्याला बिशप नेमलं. कुठला, तर कोल्लमचा. आठ वर्षांपूर्वी जहाजानं जे बंदर चुकवलं होतं, तिथला.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, देवाची योजना! मला तसं म्हणवत नाही. चार प्रेतांवरून चालत गेलेल्या योजनेला मी इतक्या सहज टाळ्या वाजवू शकत नाही. मागे वळून पाहताना वाट सरळ दिसते, कारण आपण तिच्यावरून चालून आलेलो असतो. चालताना जॉर्डनला ती दिसत नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात कवी नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती व्यासपीठांवरून ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली जाते आणि बहुधा इथेच संपते. पण त्या वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पदरात लहान दत्तूला घेऊन नातलगांकडे होत्या. नवऱ्याला वाट सापडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली ती कुऱ्हाडीसारखी. त्यानंतरची ताटातूट, आजारपणं, लोकांची बोलणी हे सगळं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत आहे, आणि वर हसवणारंही आहे.

मार्गदर्शनाबद्दल बोलणारी माणसं हे विसरतात, की एकाला मिळालेल्या वाटेची किंमत घरातलं दुसरं कुणीतरी भरत असतं. टिळकांची श्रद्धा खोटी होती असं मी सुचवत नाही. पण लक्ष्मीबाईंना आपल्या नवऱ्याचं बोलावणं स्वतःचं म्हणून स्वीकारता आलं नाही, आणि त्यांनी तसं केलंही नाही. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं पाळत राहिल्या. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांचा त्यांना पडला, उत्तरही त्यांचं त्यांनी काढलं. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंचंही तसंच. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना आज्ञाधारकपणाचे धडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून ठणकावलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नव्हे. देवाची इच्छा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला या दोघीही तयार नव्हत्या. आमच्या सभेतल्या काकांनी हे वाचायला हवं. मीही.

मग स्वतःचं ऐकायचं कसं? इग्नेशियस लोयोला या बास्क सरदाराला १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं लंगडं केलं. अंथरुणावर पडल्यापडल्या त्याच्या एक ध्यानात आलं. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण मागाहून मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र ओसरल्यावरही गोडवा ठेवून जातो. विचाराची चव नव्हे, मागे रेंगाळणारी चव बघायची. त्यानं आणखी एक शहाणा नियम घालून दिला : मन खचलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. यासाठी ख्रिस्ती असण्याचीही गरज नाही, असं माझी बायको म्हणते.

पण मला अडकवून ठेवलंय ते मराठी बायबलातल्या एका शब्दानं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू निरोपाच्या रात्री शिष्यांना पवित्र आत्म्याचं आश्वासन देतो. मूळ ग्रीक शब्द पॅराक्लिटॉस, म्हणजे बाजूला येऊन उभं राहायला बोलावलेला. कोर्टकचेरीच्या जवळचा शब्द. जुन्या इंग्रजी बायबलनं त्याचा सांत्वन करणारा केला. मराठीत तो झाला कैवारी. कैवार घेणारा. गल्लीत पोराला कुणी मारलं तर आई घेते तो कैवार. त्यात घरी आल्यावर पोराच्या पाठीत बसणारा धपाटाही येतोच. कैवारी हा होकार-नकार सांगत नाही. तुम्ही कुठल्याही बाजूला पडलात तरी तो तुमच्या बाजूला असतो.

सांत्वनासाठीही आपल्याकडे रोजचा शब्द वेगळाच आहे. दुःखाच्या घरी जाऊन आपण धीर देतो. आणि वाट बघणाऱ्याला म्हणतो, धीर धर. हिंमत आणि सबुरी एकाच शब्दात बसलेली. तेविसाव्या स्तोत्रात दावीद आपल्याला धीर कशानं येतो ते सांगतो, तर मेंढपाळाच्या काठीनं. मेंढरू चुकलं की त्याला वळवणारी काठी तीच आणि लांडग्यावर उगारायची काठीही तीच. वळवणं आणि धीर देणं या दोन वेगळ्या खात्यांत मागायच्या गोष्टी आहेत, असं त्या धनगर राजाला वाटलेलं दिसत नाही.

परिचारिका आयर्लंडला गेली. कोणत्या वचनावरून ठरवलं हे तिनं सांगितलं नाही, आणि नवल म्हणजे कुणी विचारलंही नाही. निघायच्या आधीच्या गुरुवारी प्रार्थना नेहमीपेक्षा थोडक्यात आटोपली. मग तिच्या चुलतबहिणीनं वही काढली आणि वारांची यादी केली. भाऊ शनिवार-रविवार येणार, दिवसाला बाई ठेवायची, आणि मधल्या संध्याकाळी आमच्यात वाटून घ्यायच्या.

माझा मंगळवार. मी सहाच्या सुमाराला ढोकाळीला उतरून जातो. दार उघडलं की म्हातारी मला सलाम करते आणि विचारते, तुम्ही कोण? मी नाव सांगतो. ती मान डोलावते, बसा म्हणते, आणि मुलगी ड्युटीवरून यायची आहे, तोवर थांबा म्हणते. मी थांबतो.