सभेकडे मागितलेले उत्तर

आत्म्याच्या अच्छेद्यत्वाचा गीतेतील सिद्धान्त आपल्याकडे दुःखिताच्या सांत्वनासाठी इतक्या सहजपणे पुढे केला जातो, की तो मुळात कोणास उद्देशून सांगितला गेला याचे स्मरण राहत नाही. तो सांगितला गेला अर्जुनास, म्हणजे ज्याच्या हाती धनुष्य होते त्यास. ज्या स्त्रीवर पाशवी अत्याचार झाला, जिच्या जखमा यथाकाल भरून आल्या आणि तरीही जी ‘मी पूर्वीची उरले नाही’ असे म्हणते, तिला ‘तुझे खरे स्वरूप अबाधितच आहे’ असे ऐकविणे तत्त्वतः यथार्थ असेलही. परंतु तिची फिर्याद त्या निर्विकार आत्म्याविषयी नसून, कालपर्यंत अंधाऱ्या जिन्यावरून निर्धास्त उतरणाऱ्या, हाक आली की सहज मागे वळून पाहणाऱ्या ‘मी’विषयी आहे, आणि त्या ‘मी’ला व्यावहारिक म्हणून बाजूस सारणे मला निष्ठुरपणाचे वाटते.

सुझन ब्रायसन या अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या विदुषी. ४ जुलै १९९० रोजी सकाळी, फ्रान्समध्ये ग्रनोबलनजीक त्या एकट्याच फिरावयास गेल्या असता एका अनोळखी माणसाने मागून झडप घातली, बलात्कार केला, गळा आवळला, दगडाने मारले आणि मेल्या असे समजून त्यांना घळीत टाकून दिले. घळीतून कशाबशा वर चढून आल्यावर एका शेतकऱ्याच्या त्या दृष्टीस पडल्या व पुढील मदत मिळाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आफ्टरमॅथ’ या ग्रंथात त्यांनी या प्रसंगाची व त्यानंतरच्या वर्षांची मीमांसा केली आहे. ‘मी’ म्हणजे कोण, याची चिकित्सा करताना पाश्चात्त्य तत्त्वज्ञ एकाचा मेंदू दुसऱ्याच्या कवटीत बसविण्यासारखे कल्पित दाखले घेतात. ब्रायसन यांच्यापुढे मात्र हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या थरथरणाऱ्या देहाने उभा केला होता. ‘मी’ हा इतरांच्या संगतीत घडतो, म्हणूनच तो एका माणसाच्या हातून मोडू शकतो, आणि म्हणूनच ऐकून घेणाऱ्या माणसांच्या सोबतीने पुन्हा घडू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या कित्येक आप्तांनी, उगाच आठवण नको म्हणून, तो विषयच टाळला. जे क्षणभरही विसरले जात नव्हते त्याची आठवण होईल ही भीती! बोलणेही सारखेच नसते : पीडितेच्या पोलिसांपुढील जबानीत प्रश्न दुसऱ्याचे असतात. स्वतःच्या हकीकतीत मात्र कोठे आरंभ करावयाचा आणि कोठे थांबावयाचे हे तिचे तीच ठरविते, आणि माझ्या मते तिची हिरावलेली सत्ता प्रथम परत येते ती येथे.

ज्या महाभारतात गीता आहे त्याच महाभारतात सभापर्वही आहे, हे आपण विसरतो. द्यूतात तिला हरल्यावर दुर्योधनाचा दूत प्रातिकामी द्रौपदीस नेण्यासाठी आला तेव्हा तिने त्याला प्रश्न देऊन परत पाठविले : युधिष्ठिराने आधी स्वतःस हरविले की मला? पुढे दुःशासनाकडून केसांना धरून फरफटत आणली गेल्यावरही, एकवस्त्रा अशा त्या स्थितीत, ती तोच प्रश्न सभेस विचारीत राहिली. भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले, विदुराने उत्तर देण्याविषयी सभेस विनविले, आणि कौरव बंधूंपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलला. बाकीचे जाणते पुरुष खाली पाहत बसले. दुःशासनाच्या अपराधाइतकाच तो अपराध मला मोठा वाटतो. कारण तिला पुन्हा माणसांत आणण्याचे सामर्थ्य ज्यांच्या उत्तरात होते, तेच मुके राहिले.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९८३ साली तेव्हाच्या भारतीय दंडविधानात २२८-अ हे कलम घालण्यात येऊन बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरला. मात्र तिची लेखी अनुमती असल्यास नाव छापण्याची मुभा ठेवली गेली. कायद्याची ही तजवीज योग्यच आहे, कारण झाकणे काय किंवा उघडणे काय, दोन्हींचा अधिकार तिचाच. त्याच वर्षी सोहेला अब्दुलअली यांनी ‘मानुषी’ नियतकालिकात आपल्या नावानिशी व छायाचित्रासह लेख लिहिला. १९८० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मुंबईत आपल्यावर झालेल्या सामूहिक बलात्काराची ती हकीकत होती. आपली अब्रू गेली असे त्यांनी मानले नाही. २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तो जुना लेख पुन्हा हातोहात फिरू लागला आणि त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. २०१८ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक निघाले. त्यात त्यांची स्वतःची कथा आहेच, पण त्याहून अधिक पाने इतरांची आहेत, ज्यांचे म्हणणे त्यांनी बसून ऐकून घेतले.