पवित्रता भिंतीत की विधीत?

जुनी वास्तू जपली म्हणजे नेमके काय जपले, हा प्रश्न पुरातत्त्वाइतकाच धर्मविचाराचाही आहे. कारण एखादा समाज ज्या वास्तूला पवित्र मानतो तिची पवित्रता दगड-लाकडात वसते, की ज्या कृतीने ती वास्तू पवित्र झाली त्या कृतीत, याचा निर्णय झाल्याशिवाय जतनाचा हेतूच ठरत नाही. या प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरे दादरा आणि नगर हवेलीतील सिल्वासा येथे थोड्याशा अंतरात शेजारी नांदताना दिसतात.

पेशव्यांशी 1779 मध्ये झालेल्या तहानंतर 1783 मध्ये नगर हवेलीचा ताबा पोर्तुगीजांकडे गेला आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. त्या राजवटीची सर्वात ठळक खूण म्हणजे पिएदाद मातेचे, म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मारियेच्या नावाचे, चर्च. कॅथलिक धर्मविधीनुसार चर्चचे समर्पण होते, म्हणजे ती वास्तू ईश्वरसेवेसाठी कायमची वेगळी काढली जाते. आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे वास्तूचा मोठा भाग नष्ट झाला, किंवा ती लौकिक वापराकडे कायमची वळवली गेली, तरच हे समर्पण संपते. म्हणजे इथे पवित्रता एकदा वास्तूला चिकटली की वास्तू आहे तोवर टिकते. दुरुस्तीने ती भंगत नाही, आणि म्हणूनच जुने लाकूड, जुना दगड शक्य तितका राखणे हे श्रद्धेला धरूनच ठरते.

त्याच प्रदेशातील सर्वात मोठ्या आदिवासी समाजाचे, वारल्यांचे, घर मात्र याच्या अगदी उलट तत्त्वावर उभे असते. कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे विणलेली भिंत, तिच्यावर माती आणि शेण, वर गेरूचा हात: अशी ही भिंत पावसाळ्यागणिक झिजते आणि पुन्हा लिंपली जाते. लग्नाच्या वेळी तिच्यावर सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हा चौक म्हणजे नक्षीदार चौकट, जिच्या मध्यभागी पालघट ही सुफलतेची देवी असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. ते लावते ती धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री. लग्न उरकल्यावर मात्र त्या चौकाच्या रक्षणाची खटपट कोणी करत नाही. चुलीच्या धुराने तो काळवंडतो, पोपडे सुटतात, आणि पुढच्या लग्नाला तो नव्याने लिहिला जातो. देवीचे येणे हे चौक लिहिणे, गाणे आणि लग्न लागणे या सर्वांच्या एकत्र घडण्यात असते. भिंत ही त्या घडण्याची जागा असते, साठवण नसते.

याला अडाणी समाजाची बेफिकिरी म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी शास्त्रपरंपरेकडेही पाहावे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा, म्हणजे झिजलेल्या मूर्तीच्या जागी नवी स्थापण्याचा, विधी सांगितला आहे, आणि त्यात जीर्ण लाकडी मूर्ती अग्नीत, तर दगडाची पाण्यात सोडण्याची आज्ञा आहे; भंगलेल्या मूर्तीला प्राचीन वस्तू म्हणून मिरवण्याची कल्पना तिथे नाही. पुरीला नवकलेवर या विधीत जगन्नाथाचे लाकडी शरीर बदलले जाते (अलीकडचे नवकलेवर 2015 मध्ये झाले) आणि जुन्या शरीरातील गूढ ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवला जातो. त्याच वर्षी कोल्हापूरच्या अंबाबाईच्या झिजलेल्या मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया झाली, तेव्हा मात्र वस्तू आहे तशी राखण्याची आधुनिक दृष्टी आणि देवतेचे सान्निध्य राखण्याची जुनी दृष्टी एकाच गाभाऱ्यात समोरासमोर आल्या. हे दोन्ही व्यवहार एकाच धर्मात बसतात, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. प्रतिष्ठेने मूर्तीत आणलेले देवत्व आणि दर क्षणी आवाहनाने येणारे देवत्व यांचा मेळ आपल्याकडे कधीच पूर्ण बसलेला नाही.

तिसरे उत्तर युरोपातून येते. बल्गेरियातील स्रेदना गोरा या डोंगररांगेत कोप्रिव्श्तित्सा नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकातील व्यापाऱ्यांची निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांची लाकडी-मातीची घरे तिथे राखली आहेत, आणि 1952 मध्ये गावालाच संग्रहालयाचा दर्जा देण्यात आला. ऑटोमन सत्तेविरुद्धच्या 1876 च्या एप्रिल उठावाची ठिणगी याच गावात पडली, म्हणून ती घरे देवाची नव्हे तर राष्ट्राची अवशेष-पेटी ठरली. तिथे भिंत जुनीच हवी, कारण साक्ष देणारी वस्तू बदलली तर साक्षच उरत नाही. हा तर्क निर्दोष आहे. पण तो स्मृतीचा तर्क आहे, उपासनेचा नव्हे, आणि नेमका तोच तर्क आपण वारली भिंतीला न विचारता लावतो.

सिल्वाशाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे, वाद्ये, शिकारीची आणि मासेमारीची साधने मांडलेली आहेत, आणि ज्याला शेजारच्या पाड्यावर जाणे जमत नाही त्याला त्यातून बरेच कळते. पण काचेआडच्या मुखवट्याला नाच नाही, तसेच लग्नावाचून लिहिलेल्या चौकाला पालघट नाही. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या वारली चित्रकारांनी 1970 च्या दशकापासून हे चित्र कागदावर आणि कापडावर नेले, ते कलेच्या दृष्टीने मोठे काम झाले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. मात्र तो प्रवास भिंतीवरून भिंतीबाहेर, आणि विधीतून कलेत झालेला आहे, हे स्पष्ट म्हटलेले बरे. उलट वारल्यांनी कुडाच्याच घरात राहावे असा आग्रह धरणे हे गळक्या छपराखाली न राहणाऱ्यांचे सौंदर्यप्रेम आहे. सिमेंटच्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढून तिथे चौक लिहिला, तर वारली दृष्टीने तो चौक पुरा आहे. आणि शाबूत कुडाच्या भिंतीवर केवळ पाहुण्यांसाठी लिहिला, तर तो अपुरा आहे. म्हणून कारखान्यांनी वेढलेल्या या प्रदेशात वारशाची यादी करायची असेल, तर चर्चच्या बाबतीत ती इमारतीपासून सुरू व्हावी, आणि वारली घराच्या बाबतीत धवलेरीपासून, तिची गाणी शिकणाऱ्या मुलींपासून आणि पिठाला तांदूळ देणाऱ्या शेतापासून.