भाव बाजारातला, भाव मनातला



आज सकाळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४८वा श्लोक वाचला. काम होवो न होवो, मन सारखं ठेव. या समत्वालाच भगवंत योग म्हणतात. वाचून अगदी शांत वाटलं. आणि तासाभरात मी भाजीवाल्या मावशींशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो! पंचवीसची जुडी वीसला आणली. रात्री मात्र अ‍ॅपवरून जेवण मागवताना पॅकिंग, डिलिव्हरी असे साठेक रुपये वरचे दिले, आकडा नीट बघितलाही नाही.

हे फक्त माझंच नाही हं. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना विचारलं होतं: १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात ५ डॉलरने स्वस्त आहे, जाल का? ६८ टक्के लोक हो म्हणाले. तोच कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचा सांगितला, तेव्हा फक्त २९ टक्के. वाचणारे पैसे तेवढेच, वाटही तेवढीच!

शेअर बाजारातही तेच. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, म्हणजे जवळपास १३ टक्के. त्याच वर्षाच्या अखेरीस तो ४७ हजारांच्या वर होता. लाल आकडा बघून ज्याने घाबरून सगळं विकलं, त्याचा निर्णय भीतीने घेतला होता.

मग समत्व म्हणजे भाव बघायचाच नाही का? तसं कसं चालेल! महिनाअखेरीला ज्याच्या घरी ओढाताण असते, त्याला रुपया मोजावाच लागतो, आणि त्यात काही कमीपणा नाही. मला समत्वाचा अर्थ आज असा लागला: मोजा, पण तराजू एकच ठेवा. माझा तराजू समोर कोण आहे ते बघून बदलतो. स्क्रीनशी भांडता येत नाही म्हणून मी गप्प बसतो, आणि मावशी नाही म्हणू शकत नाहीत म्हणून तिथे व्यवहारी होतो. याला काटकसर कशी म्हणू?

आपल्या भाषेत 'भाव' हा शब्द बाजारातही चालतो आणि देवळातही. एका भावाने दुसऱ्याची परीक्षा होते, ती अशी.

उद्या मावशींना पंचवीसच देणार आहे. दान म्हणून नाही, जुडीची किंमत म्हणून.

तुमचा तराजू कुठे झुकतो? आज एकदा बघा. राम कृष्ण हरी!