परक्या नगरीची शोभा आणि आपल्या माणसांची आठवण

सोलापूर–हैदराबाद राजमार्गावरील आपल्या मन्नाएखेळ्ळीतून अनेक तरुण विद्येसाठी व चरितार्थासाठी बाहेर पडतात. काही समुद्रापलीकडेही जातात. परवा देवळाच्या ओसरीवर एका मातोश्रींनी परदेशी असलेल्या आपल्या मुलाचे शब्द सांगितले. ‘‘आई, हे नगर फार सुंदर आहे, पण तू जवळ नसताना एकट्याने ते पाहणे चोरी केल्यासारखे वाटते.’’ एवढे सांगून त्यांनी विचारले, ‘‘मग त्याने पाहावे की पाहू नये?’’

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात धर्माधर्माचा विचार आहे. प्रियजन दूर असता एकट्याने सौंदर्याचा आनंद घेणे, ही प्रतारणा होय काय?

उत्तरासाठी फार लांब जावयास नको. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी आपले बीदर हीच एका प्रवाशाची परकी नगरी होती. अफानासी निकितीन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीच्या मुखाजवळ त्यास लुटारूंनी लुटले. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले आणि सोबती पांगले. पुढे समुद्रमार्गे तो चौलास उतरला, जुन्नरला पावसाळा काढला आणि इ. स. १४७० च्या सुमारास बहामनी राजधानी बीदर येथे आला. तेव्हा महमूद गावान वजीर होता. त्याने बांधविलेला, १४७२ मध्ये पूर्ण झालेला मदरसा भग्नावस्थेतही आज आपणांस थक्क करतो.

निकितीनने येथील शोभेकडे पाठ फिरविली नाही. सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे, तेथील पहारेकरी, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणारे लेखक, कोरीव आणि सोनेरी काम केलेले दगड हे सर्व त्याने आपल्या वहीत टिपले. मात्र त्याच वहीत व्याकुळताही आहे. ग्रंथ गेल्यामुळे आपल्या सणांच्या व उपवासांच्या तिथी त्यास कळेनात. घरी ईस्टरचा सण कधी साजरा झाला असेल, याचा तो अंदाजच करीत राहिला. मायभूमीच्या रक्षणासाठी त्याने देवाची करुणा भाकली. आणि नवल असे की, ती प्रार्थना त्याने प्रवासात कानी पडलेल्या परभाषांच्या मिश्रणात लिहिली!

विरहात माणसाकडून दोन चुका होण्याचा संभव असतो. कोणी निष्ठेच्या नावाखाली डोळे मिटून घेतो; त्याने प्रियजनांचे काहीच भले होत नाही. कोणी नव्या शोभेत रमून मागचे विसरतो. तो तर स्वतःसच गमावतो. निकितीनने दोन्ही टाळले. वहीत तो दूरच्या धर्मबांधवांना साद घालतो. जे पाहिले ते त्यांच्यासाठी पाहिले, म्हणूनच ते इतके बारकाईने पाहिले गेले. आठवण ही येथे दृष्टीआड आलेला पडदा नव्हती. ती दृष्टीस लाभलेली धार होती.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. वाड्याच्या सोन्याने त्याचे एकटेपण निवाले नाही. आपण कोण, हे त्याने बीदरच्या हिंदूंना खरेपणाने सांगितले, तेव्हा त्यांनीही आपले खाणेपिणे, व्यवहार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपविली नाही. त्यांच्यासमवेत तो श्रीशैलाच्या यात्रेसही गेला. नगरी डोळ्यांना सुख देते. परकेपणा मात्र माणसाच्या विश्वासानेच उणा होतो.

निकितीन घरी पोहोचला नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच, त्याचा अंत झाला. त्याची वही मात्र व्यापाऱ्यांच्या हातून मॉस्कोस गेली. ज्यांच्यासाठी त्याने पाहिले होते, त्यांच्यापर्यंत ते पाहणे पोहोचले.

म्हणून त्या मातोश्रींना आमचे नम्र सांगणे इतकेच की, मुलास लिहावे, ‘‘बाळ, डोळे भरून पाहा आणि मला सविस्तर कळव.’’ जे वाटून घेण्याच्या बुद्धीने पाहिले जाते, ती चोरी नव्हे. आणि आपणा सर्वांसाठीही यात एक कर्तव्य आहे. आपल्या गावी विटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर वा दुकानात दूर मुलखातून आलेला एखादा मुलगा असेल. त्याचीही आई कोठेतरी वाट पाहत असेल. सणाच्या दिवशी त्यास घरी बोलावून पानावर बसवावे. आपल्या लेकराला परक्या नगरीत असाच कोणी भेटो, ही प्रार्थना करण्याचा अधिकार तेव्हाच आपणांस प्राप्त होईल.