वाफसा

पहिला मोठा पाऊस होऊन गेला की आमच्या यवतमाळच्या काळ्या रानात दोन-तीन दिवस कुणी वखर घालत नाही. माझे मामा रोज सकाळी बांधावर जायचे, मूठभर माती उचलायचे, घट्ट दाबायचे आणि सोडून द्यायचे. चिखलाचा गोळा तसाच राहिला तर न बोलता परत फिरायचे. गोळा होऊन पडताच भुगा झाला तर म्हणायचे, "वाफसा आला." ओल्यात घाई केली तर वखराला चिखल धरतो आणि वाळल्यावर शेतभर ढेकळं होतात. उशीर केला तर भारी जमीन भेगाळते, दाद देत नाही. या दोहोंमधले मोजके दिवस ओळखणं हीच शेतकऱ्याची खरी विद्या.

अमूर्त चित्रकार नेमकं काय करतो, या प्रश्नाशी मी बरीच वर्षं झटतो आहे. स्फूर्ती, प्रतिभा, साक्षात्कार हे शब्द मला त्या कामाच्या जवळचे कधी वाटले नाहीत. जवळचा वाटतो तो मामांचा शब्द. स्फूर्ती वरून येते असं आपण मानतो. वाफसा पाऊस, ऊन आणि माती यांच्यातून तयार होतो, आणि तो कळायला सरावाचा हात लागतो.

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. मूळचं घराणं गोव्याचं, वाढले गिरगावच्या चाळीत, शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत, ठळक रेषा आहेत. मग चित्रकार पॉल क्लीच्या वाटेनं जाता जाता आकृती विरळ होत गेल्या, आणि साठच्या दशकात चित्रात उरला तो रंग, प्रकाश आणि अवकाश. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली, पुढच्या वर्षी दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनच्या छोट्या जागेत एकटे राहिले. वर्षाकाठी पूर्ण होत ती पाच-सहा चित्रं.

उरलेले दिवस ते काय करत होते? त्यांच्या कलेकडे जाणारी वाट मला या प्रश्नातून दिसते. ते बसून राहत, पाहत, ऐकत. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्याशी त्यांचं नातं होतं, पण चित्रात त्यांनी उपदेश रंगवला नाही. ब्रशऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ हाताशी घेतले. रंगाचा थर द्यायचा, खरवडायचा, त्यावर दुसरा पातळ थर. पुढे पुढे फाडलेल्या कागदाचे तुकडे वापरून कॅनव्हासवर रंग उतरवायचा. त्या तुकड्यांनी उमटलेले आकार अक्षरांसारखे दिसतात, पण कोणत्याच लिपीचे नसतात. या कामात अपघाताला जागा आहे, मोकाटपणाला नाही. तेलरंग किती सुकला की पुढचा थर धरेल, कुठे थांबलं की आतला उजेड टिकेल, हे मुठीत माती दाबून बघण्याइतकंच काटेकोर आहे. अमूर्त चित्र म्हणजे मनाला येईल तसं रंग फासणं, असं मानणाऱ्यानं या शिस्तीकडे एकदा तरी बघावं.

'अमूर्त' हा शब्द स्वतः गायतोंडे यांना पुरेसा वाटत नसे. कशाचं तरी सार काढून अमूर्त करणं हे आपलं काम नाही, आपल्या चित्राला मुळात विषयवस्तूच नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची बहुतेक चित्रं शीर्षकाविना आहेत. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटींहून जास्त किमतीला गेलं, तेव्हा त्या चित्राला अखेर एक नाव मिळालं: 'तेवीस कोटींचं चित्र'. ज्यानं जन्मभर नाव टाळलं, त्याच्यावर बाजारानं आकड्याचं नाव चिकटवलं आणि लोकांचं बघणं तिथेच संपलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. नाव फार लवकर दिलं की पाहणं थांबतं. अमूर्त चित्रकार जग सोडून कुठे जात नाही, तो नाव देण्याचा क्षण पुढे ढकलतो.

हे मला सर्वांत स्पष्ट दिसलं ते चित्रकार अंबादास यांच्याकडे पाहताना. १९२२ साली अकोल्यात जन्मलेले अंबादास खोब्रागडे आमच्या कापूसपट्ट्याचे. शकुंतला नावाची अरुंद रुळांची गाडी यवतमाळचा कापूस ज्या मूर्तिजापूरला नेत असे, ते मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यातलंच. अंबादासही जे. जे.मध्ये शिकले. पुढे त्यांनी हातमागाच्या कापडासाठी नमुने करण्याची नोकरी केली. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला हा माणूस कापडाच्या ताण्या-बाण्यापर्यंत पोचला आणि तिथून रंगाच्या धाग्यांपर्यंत. १९६२ मध्ये भावनगरच्या एका घरात बारा कलावंत जमले आणि त्या घराच्या क्रमांकावरून 'ग्रुप १८९०' उभा राहिला. त्या बारांत ते होते. १९६३ च्या दिल्लीतल्या प्रदर्शनाचं उद्घाटन नेहरूंनी केलं, पुस्तिकेत मेक्सिकोचे कवी-राजदूत ऑक्टाव्हियो पाझ यांनी लिहिलं. अंबादास पुढे नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ओस्लोत वारले. त्यांच्या कॅनव्हासवर रंगाचे ओघ एकमेकांत वळत, गुंतत जातात. पुराचं पाणी ओसरल्यावर नाल्याच्या गाळावर उमटलेल्या वळ्यांसारखे ते मला दिसतात. पण हे 'सारखे' माझं आहे, त्यांचं नव्हे.

चित्रविश्वात ते नुसते 'अंबादास' म्हणून ओळखले जातात. आडनाव कळलं की माणूस कळला असं मानणारा आपला समाज. गाव, जात, पंगतीतली जागा, सगळं त्या एका शब्दावरून ठरवणारा. अशा समाजातून आलेला एक चित्रकार आडनावाशिवाय उभा राहतो आणि ज्याला कुठलंच नाव देता येत नाही असं चित्र आयुष्यभर काढत राहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामागचं कारण मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण नाव नसलेल्या आकारासमोर आपल्याला जी अस्वस्थता येते, तिच्यात आपली एक जुनी सामाजिक खोड दडलेली आहे, असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत येतं तिथे या चर्चेचं काय काम? हा प्रश्न मी टाळणार नाही. रंगाच्या थरानं कर्ज फिटत नाही. पण यवतमाळलाही देशानं एकच नाव देऊन टाकलं आहे. ते ऐकलं की ऐकणाऱ्याचे डोळे मिटतात. टिपेश्वरचं जंगल, कोलामांचे पोड, वणीचा कोळसा, सप्टेंबरात पऱ्हाटीवर येणारी पिवळी फुलं, बांधावरची माणसं, यांतलं काहीच मग त्याला दिसत नाही. दुःखही नीट दिसत नाही, कारण तेही मथळा होऊन गेलेलं असतं. नावापाशी न थांबता बघत राहण्याची सवय ही चैन नाही. आमच्या जिल्ह्याला तिचीच उणीव सर्वांत जास्त भासते.

आणि ही सवय आपल्याला परकी नाही. पैनगंगेपलीकडे माहूरच्या रेणुकेचा तांदळा, म्हणजे पूर्ण मूर्तीऐवजी पुजला जाणारा पाषाण, आहे. आमच्या बांधाबांधावर शेंदूर फासलेले दगड आहेत, त्यांना नाक-डोळे नाहीत. "हा कुणासारखा दिसतो?" असं त्या दगडाला कुणी विचारत नाही. चित्र म्हणजे देव नव्हे, त्याला हात जोडायचे नाहीत. पण मूर्ती घडवल्याशिवाय समोर उभं राहता येतं, एवढं आपल्या आजीलाही ठाऊक होतं. शाळेत आल्यावर आपण वस्तुचित्र, स्मरणचित्र शिकलो, ते बरंच झालं. मात्र त्या नादात 'ओळखू आलं तरच चित्र' हा नियमही मनात पक्का बसला.

गायतोंडे यांच्या एका पिवळसर चित्राची छापील प्रत मी घरी लावली होती. मामांनी पहिल्या दिवशी विचारलं, "हे काय होय, बाप्पा?" मी सांगू लागलो. तासभर सांगितलं असेल. त्यांनी मान डोलावली आणि उठून गेले. मी नको तेव्हा वखर घातला होता. नंतर वर्षभर मी त्या चित्राबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढच्या मृगात, बाहेर पाऊस थांबलेला असताना, ते चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसले. बराच वेळ बसले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "खालून ओल वर येऊन राहिली."

त्यांनी चित्राला नाव दिलं नव्हतं, जे होत होतं ते सांगितलं होतं. गायतोंडे यांच्या चित्रातल्या उजेडाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे, पण तो खालून चढतो हे मला त्या दिवशी कळलं. चित्रकाराला जसा वाफसा लागतो तसा बघणाऱ्यालाही लागतो, आणि तो दुसऱ्याला घाईनं आणून देता येत नाही. आपल्या हाती एवढंच असतं: चित्र भिंतीवर राहू द्यायचं, आणि रोज सकाळी मूठभर माती दाबून बघायची.